१०४ मीटरच्या फेकीनंतर ९८ मीटरचा विश्वविक्रम कसा?

भालाफेकीच्या आकड्यांची यादी पहिल्यांदा बघणारा एका ठिकाणी हमखास अडखळतो. २० जुलै १९८४ला पूर्व बर्लिनमध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होनने भाला फेकला १०४.८० मीटर. आणि आज पुरुषांचा विश्वविक्रम म्हणून छापतात तो आकडा आहे ९८.४८ मीटर, चेक प्रजासत्ताकाच्या यान झेलेझ्नीचा, २५ मे १९९६चा, जर्मनीतल्या येना शहरातला. सहा मीटर कमी फेकून विश्वविक्रम? आणि जवळपास तीस वर्षं तोही कुणाला मोडता येत नाही?

भाच्याने मला हेच विचारलं तेव्हा फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं नाही. कारण उत्तर द्यायचं तर आधी भाला हवेत कसा उडतो ते सांगावं लागतं, मग तो हातातून कसा सुटतो ते, आणि मग निवृत्त झेलेझ्नीची सगळी कारकीर्द. त्याचं खेळणं आणि भाल्याचं बदलणं ही एकच गोष्ट आहे.

आधी भाला. घरातला झाडू आडवा धरून एका बोटावर तोलून बघा. ज्या जागी तो स्थिर राहतो तो त्याचा गुरुत्वमध्य. सगळं वजन जणू तिथूनच खाली ओढतंय असं समजायचं. पुरुषांचा भाला असतो ८०० ग्रॅमचा आणि २.६० ते २.७० मीटर लांब. त्याचा गुरुत्वमध्य दोरी गुंडाळलेल्या मुठीच्या पट्ट्यात येतो. हवेत गेल्यावर दुसरं एक बळ कामाला लागतं. भाला थोडा नाक वर करून जात असतो, त्यामुळे हवा त्याला खालून ढकलते. या ढकलण्याचाही एक मध्य असतो. हवेचा धक्का वजनाच्या मध्याच्या मागे बसला तर शेपूट उचललं जातं आणि टोक खाली झुकतं. दोन्ही मध्य एकमेकांच्या अगदी जवळ असले तर टोक झुकतच नाही, आणि भाला घारीसारखा तरंगत राहतो.

जुने भाले असेच तरंगायचे. अमेरिकेच्या बड हेल्डने हवेत जास्त टिकणारे, जाड भाले बनवले आणि १९५३मध्ये ८० मीटरची रेषा ओलांडणारा तो पहिला माणूस ठरला. १९६४मध्ये नॉर्वेच्या टेर्ये पेडरसनने ९० मीटर ओलांडले. मध्येच, १९५६मध्ये, स्पेनमध्ये एक भलतीच शैली निघाली: थाळीफेकीसारखी गिरकी घ्यायची आणि साबण लावून गुळगुळीत केलेला भाला हातातून सरकवायचा. अंतर थक्क करणारं मिळायचं, पण भाला प्रेक्षकांत जाईल की पंचांत, याची शाश्वती फेकणाऱ्यालाही नसायची. आंतरराष्ट्रीय महासंघाने ती शैली लगेच बंद केली. भाला खांद्यावरूनच फेकायचा, फेकताना पाठ लक्ष्याकडे फिरवायची नाही, हे नियम तिथून घट्ट झाले.

तरंगणाऱ्या भाल्यांचा दुसरा त्रास म्हणजे ते जमिनीवर सपाट पडायचे. नियम सांगतो की आधी टोक टेकलं पाहिजे. आता अडीच मीटरचा दांडा आडवा पडला की आधी काय टेकलं हे पंचाने पन्नास पावलांवरून सांगायचं! भांडणं ठरलेलीच. होनच्या फेकीमुळे नियम बदलला असं सरसकट सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. सपाट पडणाऱ्या भाल्यांची डोकेदुखी आधीपासूनच होती. १०४ मीटरने एवढंच केलं की मैदान पुरेल का, हा प्रश्नही त्यात येऊन बसला. भाल्याचा पट्टा धावपट्टीने वेढलेल्या मैदानाच्या आत असतो, आणि पलीकडे धावणारे उभे असतात.

१ एप्रिल १९८६पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटीमीटर पुढे सरकवला. फक्त दोन बोटं! पण तेवढ्याने हवेचा धक्का वजनाच्या बराच मागे बसू लागला, टोक लवकर झुकू लागलं आणि भाला नीट मातीत रुतू लागला. अंतर साधारण दहा टक्क्यांनी घटलं. जुन्या भाल्याचे विक्रम बंद करून वही नवी उघडली, आणि त्या वर्षअखेर नव्या वहीतला विश्वविक्रम होता पश्चिम जर्मनीच्या क्लाउस टाफेलमायरचा: ८५.७४ मीटर. १०४वरून ८५वर. बायकांचा भाला १९९९ला असाच बदलला, त्यामुळे पेट्रा फेल्केचे १९८८मधले बरोब्बर ८०.०० मीटरही असेच जुन्या वहीत राहिले.

बिचारा होन. त्याच्या देशाने लॉस एंजेलिस ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला, म्हणून ज्या वर्षी जगात त्याच्या जवळपास कुणी नव्हतं त्याच वर्षी त्याला ऑलिंपिक नाही. पुढे दुखापतींनी कारकीर्द लवकर संपली, आणि विक्रम असा इतिहासजमा झाला की कुणी मोडूच शकणार नाही.

आता झेलेझ्नी. जन्म १६ जून १९६६, गाव म्लादा बोलेस्लाव. चाकणला आणि औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, ज्या स्कोडा गाड्या बनतात, त्या स्कोडाचं हे मूळ गाव. आईवडील दोघंही भाला फेकायचे. नियम बदलला तेव्हा हा पोरगा एकोणीस वर्षांचा होता. म्हणजे जुना भाला हाताला पुरता बसायच्या आतच नवा आला, आणि माझ्या मते त्याचं निम्मं नशीब इथेच आहे. ज्यांचं सगळं कौशल्य भाला तरंगवण्यात होतं त्यांना नव्याने शिकावं लागलं. नव्या भाल्याला तरंगवण्याची कला कमी पुरते, त्याला नुसता वेग लागतो. आणि वेग याच्याकडे होता.

शरीराने तो फारसा दांडगा नव्हता. उंची १.८५ मीटर, वजन नव्वद किलोच्या आत. भालाफेकीच्या मैदानावर हा माणूस अंगाने मध्यमच म्हणायचा. मग एवढा वेग कुठून?

ज्यांनी ज्वारीच्या शेतात गोफण फिरवली आहे किंवा कुणाला फिरवताना बघितलं आहे त्यांना हे अर्धं आधीच माहीत आहे. गोफणीत दगडाला वेग मनगट देत नाही. पाय रोवलेले असतात, कंबर फिरते, तिच्यामागून खांदा, मग कोपर, आणि सगळ्यात शेवटी दोरीचं टोक. प्रत्येक टप्पा आधीच्याकडून वेग घेतो, त्यात भर घालतो आणि पुढच्याला देतो. पुढचा टप्पा घाईने निघाला की दगड पायाशी पडतो. भालाफेकीत हात म्हणजे गोफणीची दोरी. ती शेवटपर्यंत मागे, सैल आणि लांब राहिली पाहिजे. नवशिका पोरगा नेमकं उलट करतो: हात आधी ओढतो, कोपर खाली पडतं आणि भाला चाळीस मीटरवर आडवा होतो.

आता हा वेग सुरुवातीला येतो कुठून, तर धावण्यातून. फेकणारा तीसेक मीटर धावत येतो, शेवटची पावलं आडवी टाकतो आणि मग डावा पाय (उजव्या हाताने फेकणाऱ्याचा) सरळ ताठ जमिनीत ठोकतो. एसटीच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की उभ्या प्रवाशाचं काय होतं ते आठवा. पाय जागेवर राहतात, धड पुढे फेकलं जातं. तो ताठ पाय म्हणजे ब्रेक. धावण्याचा सगळा वेग तिथे अडतो आणि कंबरेतून वर चढतो. पाय टेकण्यापासून भाला सुटेपर्यंत पापणी लवायलाही वेळ नसतो. गुडघा जरा वाकला तर ब्रेक ढिला, आणि पाच-दहा मीटर गेलेच म्हणायचे.

चांगल्या फेकीत भाला हातातून ताशी १०० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने सुटतो. वेगवान गोलंदाज चेंडू याहून जोरात टाकतो हे खरं, पण क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅमच्या आसपास असतो. भाला त्याच्या पाचपट जड, वर अडीच मीटर लांब, आणि तो नेमका स्वतःच्या रेषेतच सुटला पाहिजे. दोनचार अंश तिरका सुटला की हवाच त्याला गिळते.

झेलेझ्नीची खासियत म्हणजे तो हात. जुन्या चित्रफितीत बघितलं तर पाय टेकल्यावरही हात इतका मागे आणि निवांत दिसतो की हा फेकायचं विसरला की काय असं वाटावं. पुढच्याच चौकटीत भाला गेलेला असतो.

३१ मे १९८७ला नित्रा इथे ८७.६६ मीटर, हा त्याचा पहिला विश्वविक्रम. वय वीस. पुढच्या वर्षी सोल ऑलिंपिक. पात्रता फेरीत त्याने ८५.९० मीटर फेकला. अंतिम फेरीत तो ८४.१२वर पुढे होता आणि स्पर्धा संपत आली होती. फिनलंडच्या तापिओ कोर्युसने सहाव्या, म्हणजे शेवटच्या फेकीत ८४.२८ मीटर काढले. सोळा सेंटीमीटर. पात्रता फेरीतली फेक अंतिम फेरीत मोजत नाहीत, नाहीतर सुवर्ण त्याचंच होतं.

मग आली एक मजेशीर भानगड. हंगेरीचा मिक्लोश नेमेथ हा १९७६चा ऑलिंपिक विजेता. निवृत्तीनंतर तो भाले बनवू लागला होता. नियमांत गुरुत्वमध्य ठरवून दिला होता, शेपटाचा पृष्ठभाग मात्र कुणी बांधून दिला नव्हता. नेमेथने शेपूट खडबडीत केलं. गोल्फच्या चेंडूवर खळगे का असतात? खडबडीत पृष्ठभागावर हवा जास्त वेळ चिकटून वाहते आणि मागची ओढ कमी होते. शेपटावरची ओढ कमी झाली की हवेच्या धक्क्याचा मध्य पुन्हा पुढे, वजनाजवळ येतो. चार सेंटीमीटरने जे काढून घेतलं होतं त्यातलं बरंच कानसेने परत मिळवलं! १९९०च्या एकाच जुलैत ब्रिटनचा स्टीव्ह बॅकली, झेलेझ्नी आणि पुन्हा बॅकली असा विक्रम फिरला, आणि १९९१ला फिनलंडच्या सेप्पो रॅटीने तो ९६.९६पर्यंत नेला. त्याच वर्षी महासंघाने खडबडीत शेपटांवर बंदी घातली आणि त्या भाल्यांवरचे विक्रम मागच्या तारखेपासून पुसून टाकले. पुसलेल्यांत झेलेझ्नीचे ऑस्लोतले ८९.६६ मीटरही गेले. १९९२ला ऑस्लोतच त्याने ९४.७४ फेकले, तोही भाला मान्य झाला नाही.

इथे मला हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं. रॅटीची काही चूक नव्हती, फेकली त्या दिवशी ती फेक नियमात होती. पण खेळाचं साहित्य बदललं की विक्रमाचा मालक कोण, हा प्रश्न पोहण्याच्या पोशाखांपासून धावण्याच्या बुटांपर्यंत सगळीकडे येतो. भालाफेकीने त्याचं निष्ठुर उत्तर दिलं: वही फाडा, नवी घ्या.

झेलेझ्नीने मात्र प्रत्येक वहीत पहिल्या पानावर नाव लिहिलं. १९९२ला बार्सिलोनात सुवर्ण, ८९.६६ मीटर. योगायोग बघा, पुसून टाकलेल्या विक्रमाएवढंच, सेंटीमीटरसुद्धा तेच. १९९३ला दक्षिण आफ्रिकेत पीटर्सबर्गला ९५.५४, त्याच वर्षी शेफील्डला ९५.६६. १९९६ला येनात ९८.४८ आणि दोन महिन्यांनी अटलांटात दुसरं ऑलिंपिक सुवर्ण. त्या स्पर्धेनंतर अटलांटा ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघाने त्याला चाचणीसाठी मैदानावर बोलावलं. एवढा हात आहे तर चेंडू किती जोरात टाकेल, ही उत्सुकता साहजिक होती. करार काही झाला नाही. गोफण तीच असली तरी दगड बदलला की अंदाज बदलतो.

या सगळ्याची किंमत खांदा आणि कोपर देतात. ब्रेक लागल्यावर सगळा वेग ज्या सांध्यांतून जातो ते सांधे काही लोखंडाचे नसतात. झेलेझ्नीच्या खांद्यावर १९९८मध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली. तिशी ओलांडलेला भालाफेकपटू खांदा उघडून घेतो तेव्हा लोक निरोपाचं भाषण मनात तयार करायला लागतात. (आपल्या नीरज चोप्राच्या कोपराची २०१९मधली शस्त्रक्रिया मुंबईत झाली, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि तरीही सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.) झेलेझ्नी परत आला. १९९९ला जागतिक स्पर्धेत कांस्य, २०००ला सिडनीत ९०.१७ मीटर आणि लागोपाठ तिसरं ऑलिंपिक सुवर्ण. दुसरा बॅकली, फक्त बत्तीस सेंटीमीटर मागे. पुढच्या वर्षी एडमंटनला, पस्तिसाव्या वर्षी, ९२.८० मीटर आणि तिसरं जागतिक विजेतेपद.

नंतरची वर्षं भराभर सांगता येतात. २००३ला पॅरिसच्या स्ताद द फ्रान्समध्ये चौथा, २००४ला अथेन्समध्ये नववा. युरोपियन विजेतेपद त्याला कधीच मिळालं नाही, ही एक विचित्र फट त्याच्या यादीत राहून गेली. २००६ला गोटेनबर्गच्या युरोपियन स्पर्धेत चाळिसाव्या वर्षी त्याने कांस्य घेतलं आणि त्याच सप्टेंबरात म्लादा बोलेस्लावला, आपल्या गावी, शेवटची स्पर्धा खेळून थांबला.

पुढच्याच वर्षी रोममध्ये फिनलंडच्या तेरो पिट्कामाकीचा भाला पट्टा सोडून भरकटला आणि लांब उडीच्या जागी उभ्या असलेल्या फ्रान्सच्या सलीम स्दिरीच्या कुशीत घुसला. स्दिरी वाचला. १९८६चा बदल करणाऱ्यांना कशाची धास्ती होती ते त्या दिवशी टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं.

तर मग ९८.४८ मोडत का नाही? हिशोब सोपा आहे. अंतर ढोबळमानाने वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. ९० मीटर फेकणाऱ्याला ९८.४८ गाठायचे तर वेग सुमारे साडेचार टक्के वाढवावा लागतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण जो माणूस आधीच शरीराच्या शेवटच्या टोकावर धावतोय, ब्रेक मारतोय आणि हात मागे ठेवतोय, त्याच्यासाठी एक टक्काही वर्षं खातो; आणि वेग वाढला की सांध्यांवरचा ताणही वाढतो. ६ सप्टेंबर २०२०ला पोलंडमध्ये जर्मनीच्या योहानेस फेटरने ९७.७६ मीटर फेकले. ७२ सेंटीमीटर कमी पडले. एवढ्या जवळ अजून कुणी आलेलं नाही.

निवृत्तीनंतर झेलेझ्नी प्रशिक्षक झाला. बार्बोरा श्पोटाकोव्हा, वितेझ्स्लाव वेसेली, याकुब वादलेख हे सगळे त्याच्या हाताखालून गेले. टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत नीरजच्या मागे रौप्य आणि कांस्य घेणारे वादलेख आणि वेसेलीच होते. त्या आठवड्यात आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत भाल्यापेक्षा पानिपतच्या लढाईवर आणि रोड मराठ्यांवर (त्या लढाईनंतर तिथेच राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानले जाणारे लोक) जास्त मजकूर आला होता, ते आठवत असेल. नीरज पानिपत जिल्ह्यातल्या खंड्रा गावचा, त्यामुळे आपल्याला राहवलं नाही. त्याआधी काही वर्षं नीरजच्या तंबूत प्रशिक्षक कोण होता? १०४.८०वाला उवे होन.

आणि नोव्हेंबर २०२४मध्ये जाहीर झालं की नीरजचा नवा प्रशिक्षक झेलेझ्नी. जुन्या वहीतला शेवटचा आणि नव्या वहीतला सगळ्यात वरचा, दोघंही एकाच मुलाच्या वाट्याला आले.

नीरज तेव्हा ८९.९४वर अडकलेला होता, २०२२च्या स्टॉकहोमपासून. नव्वदला सहा सेंटीमीटर कमी. पत्रकार दर स्पर्धेनंतर तेच विचारायचे आणि तो दर वेळी हसून टोलवायचा. १६ मे २०२५ला दोहात तिसऱ्या फेकीत ९०.२३ मीटर निघाले. स्पर्धा संपत आली होती, नीरज पहिला होता. मग जर्मनीचा युलियान वेबर धावत आला आणि सहाव्या, शेवटच्या फेकीत ९१.०६ टाकून गेला. हे कसं लागतं, ते सोलमधल्या सोळा सेंटीमीटरपासून झेलेझ्नीला ठाऊक होतं.